एका क्वार्टरचा हिशेब

एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर दारू असते. बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्यात ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल, आणि वजनात सांगायचं तर ६० ग्रॅमच्या थोडं वर. निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. सवयीच्या पिणाऱ्यात हा वेग काहीसा वाढतो, पण लिंबूपाण्याने, ताकाने, थंड पाण्याच्या आंघोळीने किंवा झणझणीत रश्श्याने तो वाढत नाही. आता भागाकार करा. रात्री नऊला एक क्वार्टर संपवली, तर रक्त स्वच्छ व्हायला पहाटेचे तीन ते साडेपाच वाजतात. दोन संपवल्या, तर दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ ते दुपारचे दोन.

चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीन घालून, पट्टी खिशात टाकून, मित्रांबरोबर 'बसलेला' शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलला किक मारतो तेव्हा त्याला वाटतं, कालची उतरली. उतरलेली असते ती झिंग. दारू अजून रक्तात असते. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, आणि ती ओलांडायला फार प्यावं लागत नाही. १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. चालकाच्या रक्ताच्या नमुन्यात अल्कोहोल आढळल्याचा अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल त्याच महिन्यात वृत्तपत्रांत आला होता. दोष कुणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवेल. पण रात्री गाडी हाकणाऱ्या प्रत्येकाने वरचा हिशेब पाठ करावा असं मला मनापासून वाटतं.

दारू मोडते म्हणजे नेमकं काय होतं? यकृतातलं एक विकर अल्कोहोलपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतं. हे मूळ दारूपेक्षा जहाल. दुसरं विकर त्याचं तुलनेने निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. पण मधल्या काळात अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींतल्या डीएनएला चिकटतं, त्याची मोडतोड करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणचे कर्करोग दारूशी जोडलेले आहेत. त्यात आपल्याकडे खर्रा. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. 'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे वाक्य अजून लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. जानेवारी २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की, आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही.

यकृत बिचारं मुकाट्याने सोसतं, हीच त्याची अडचण. आधी त्यावर चरबी चढते. या टप्प्यावर काहीही दुखत नाही, आणि दारू सोडली तर काही आठवड्यांत चरबी बहुधा ओसरते. पुढे सूज येते, मग व्रण, आणि शेवटी सिरॉसिस, ज्यात यकृत आखडून गाठाळ होतं. डोळे पिवळे होतात आणि घरचे काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे घेऊन जातात. गळ्यात माळ पडते, पथ्य सुरू होतं. दारूने झालेल्या काविळीत या माळेचा काही उपयोग नाही, गेलेले आठवडे मात्र परत येत नाहीत. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी ही लक्षणं दिसली तर तो रस्ता थेट दवाखान्याचा.

पण मला जास्त सांगायचं आहे ते मेंदूबद्दल, कारण तिथे होणारी चूक जीव घेते आणि ती चूक प्रेमापोटी होते.

दारू मेंदूला शांत करणारे संदेश वाढवते आणि उत्तेजित करणारे संदेश दाबते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. मग एखाद्या दिवशी दारू एकदम बंद होते आणि जू तुटल्यावर जोर लावून ओढणारे बैल पुढे कोसळावेत तशी मेंदूची गत होते. सहा-बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. "थोडीशी घेतली का हात थांबते," असं तो माणूस म्हणतो, आणि त्याचं म्हणणं शरीराच्या भाषेत खरं असतं. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांनी काहींना भास सुरू होतात. अंथरुणावर किडे दिसतात, भिंतीवर माणसं दिसतात, बायकोला तो ओळखत नाही, ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गाव म्हणतं, बाहेरचं लागलं. अंगारा होतो, उतारा होतो, आणि ज्या दोन दिवसांत साधी औषधं देऊन जीव वाचला असता ते दोन दिवस हातचे जातात.

तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून, शपथ घालून, एका रात्रीत दारू सोडायला लावू नका. सोडायची तर आहेच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अशा माणसाला अशक्तपणा आला की "सलाईन लावा, हुशारी येईल" म्हणून ग्लुकोजची बाटली चढवली जाते. सततच्या पिण्याने आणि उपासमारीने त्याच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, नजर फिरते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आधी थायमिनचं स्वस्तातलं इंजेक्शन, मग ग्लुकोज, एवढा क्रम पाळला की हे टळतं.

घराचं काय होतं ते मोजलं गेलं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा १००पैकी ७० स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. नवरा अजिबात पीत नाही तिथे हेच प्रमाण २३ होतं. तेही लाजिरवाणंच आहे, पण मधलं अंतर पाहा. आपल्या वऱ्हाडाला हे अंतर आकड्यांआधीच कळलं होतं. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर मामाच्या घरी दापुरीला वाढला. पुढे स्वतःच्या लेकीच्या बारशाला त्यांनी जातीची रीत मोडून दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घातलं.

वर्ध्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. दुकान बंद करण्यासाठी गावच्या बायकांना मतदानाने 'आडवी बाटली' करता येते, मात्र त्यासाठी एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. मतदानाला न आलेली बाई नियमाच्या हिशेबात दुकानाच्याच बाजूची ठरते. हा लढा लढलाच पाहिजे. पण बाटली आडवी झाली तरी कालपर्यंत रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याच रात्री थरथरणार आहे, त्याला उपचार लागणार आहेत. इथे आपण फार मागे आहोत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्स'च्या देशव्यापी पाहणीत दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. दारूसोडीचं औषध गुपचूप भाजीत कालवून देण्याचे उद्योग मात्र जोरात चालतात. ते धोक्याचे आहेत, कारण वर दारू प्यायली गेली तर त्यातल्या काही औषधांनी माणूस दगावू शकतो.

घरात असं कुणी असेल तर त्याला बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. डॉक्टरांसमोर लाज न धरता तीन गोष्टी सांगा: किती वर्षं पितो, रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली. तिसरं उत्तर तासांत सांगा.