सुपातला मासा

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले, की आपल्या सगळ्यांचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. क्युकेनहॉफची ट्युलिप्स, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यातली बोट. यंदा एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई आल्या, तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने त्यात भर घातली, “आजीला सुशी खायला नेऊ या!”

आई वाईजवळच्या एका गावातल्या. सासरी-माहेरी मटण-मासे चालणारे. पण पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पंढरपूरला माळ घातली आणि तेव्हापासून अंडंसुद्धा बंद. नातीसाठी मी आमलेट केलं तर त्या नाक मुरडत नाहीत. “मला वास येत नाही असं नाही गं, मी सोडलंय,” एवढंच म्हणतात. ‘आवडत नाही’ आणि ‘सोडलंय’ यातला फरक मला तेव्हा नीट कळला नव्हता.

आम्ही राहतो त्या अ‍ॅमस्टेलवेनमध्ये जपानी कुटुंबं बरीच आहेत. डच आणि जपान यांचं नातं तसं जुनंच. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं, नागासाकीच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावरून जपानशी व्यापार करायची मुभा युरोपीयांपैकी फक्त डचांना होती. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ओकुरा हे जपानी हॉटेल १९७१ मध्ये उभं राहिलं. तिथलं जेवण आपल्या खिशाला झेपणारं नाही. आमच्या लेकीची सुशी म्हणजे ‘ठरावीक पैशात हवं तेवढं खा’ या पद्धतीची. मंद दिवे, मोठ्याने गाणी, टेबलावर टॅब्लेट. दर फेरीला माणशी ठरावीक पदार्थ मागवायचे, वेळ साधारण दोन-अडीच तास, आणि ताटात टाकलंत तर उरलेल्या तुकड्यांचे वेगळे पैसे. हा शेवटचा नियम आईंना फार आवडला. “आपल्या लग्नांत लावायला पाहिजे,” म्हणाल्या.

‘कच्चा मासा खातात म्हणे’ ही शंका त्यांनी आधीच काढली होती, म्हणून माझ्यातल्या जुन्या बाईंनी लगेच तास घेतला. (साताऱ्याला सात वर्षं शाळेत शिकवल्याची खोड जात नाही.) सुशी हे नाव माशाचं नाही, व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेल्या आंबूस भाताचं आहे. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो भातात आंबवत ठेवायचे आणि भात टाकून द्यायचे. ताज्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवायची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आताच्या टोकियोत, रुळली. आणि आज सुशी म्हटलं की जो नारिंगी सामन आठवतो, तो कच्चा खायची सवय जपान्यांना १९८०च्या दशकात नॉर्वेने खटपट करून लावली. कच्च्याचं म्हणाल तर इथले डच लोक जूनमध्ये हेरिंग मासा कांदा लावून शेपटीला धरून खातातच की! त्यातल्या जंतांमुळे लोक आजारी पडायला लागले, म्हणून १९६८ पासून इथे हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं. आता कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर निदान २४ तास ठेवायचा युरोपीय नियम आहे. मत्स्यशेतीतल्या काही माशांना तेवढी सूट आहे.

“मासा राहू दे. मला काय देणार ते सांग,” आई म्हणाल्या.

काकडीचे रोल, अ‍ॅव्होकाडोचे रोल, आणि मीठ लावून उकडलेल्या हिरव्या शेंगा मागवल्या. शेंगा आल्या तशा त्यांनी ओळखल्या. “अगं, हे तर आपलं सोयाबीन!” शेतात पोत्यांनी पिकणारं सोयाबीन वाळवून विकायचं एवढंच माहीत, त्याच्या कोवळ्या शेंगा वाटीत घालून अशा मिरवतात याचं त्यांना हसू येत होतं. हिरव्या चटणीकडे हात गेला तो नातीने अडवला, “आजी, वासाबी आहे, नाकात जाईल!” भात गार असल्याची तक्रार झाली, पण आंबूसपणा दहीभाताच्या जवळ जातो म्हणून तो खपून गेला.

आणि मग मिसो सूप. लाकडी रंगाचा छोटा वाडगा, त्यात तोफूचे चौकोन, समुद्री पाल्याचे हिरवे तुकडे. मी वेटरला विचारलं होतं, हे शाकाहारी आहे ना? तो म्हणाला, हो, फक्त तोफू आणि समुद्री पाला. आईंनी वाडगा तोंडाला लावला आणि चक्क डोळे मिटले. “आमटीसारखं आहे, पण पोटाला हलकं.” दुसरा वाडगाही घेतला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “हे घरी करायला शीक.”

तो शनिवार. मंगळवारी शाळेच्या फाटकापाशी लेकीच्या वर्गातल्या एका जपानी मुलीची आई भेटली. मी तिला मोठ्या उत्साहाने मिसोची कृती विचारली. तिने पहिलाच शब्द उच्चारला, दाशी. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं पायाचं पाणी. ते बहुतेक वेळा दोन गोष्टींचं करतात. कोम्बू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि बोनिटो या माशाला वाळवून, धुरवून काढलेला पातळ कीस. मासा गाळून टाकतात, म्हणून सुपात दिसत नाही. चव मात्र राहते.

वेटर खोटं बोलला नव्हता. सुपात दिसत होतं तेवढं त्याने सांगितलं. चूक माझ्या प्रश्नाची होती. इथे कुणाला ‘मी शाकाहारी’ म्हटलं तर कित्येकदा पुढचा प्रश्न येतो, “मग मासे तर खाता ना?” हे इतकी वर्षं ऐकूनही मी पाण्याबद्दल विचारलं नाही.

नवरा म्हणाला, “कशाला सांगतेस? आईला माहीतच नाही, तर दोष कसला?” मी गप्प राहिले. आई मात्र रोज विचारत, “ते सूप कधी करतेस?” मी म्हणे, सामान मिळालं नाही. त्यांच्या नजरेला नजर देणं मी टाळत होते. जेवायला वाढून ओट्याकडे वळायचे, संध्याकाळी फिरायला ‘तुम्ही दोघी जा’ म्हणायचे.

शनिवारी सकाळी त्या तुळशीला पाणी घालून आत आल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी गावाकडे दिंडीतल्या एका जाणत्या बाईंना फोन केला, हळू आवाजात बोलल्या. काय ठरलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मला हाक मारून शेजारी बसवलं.

“सुपाचं माझं मी बघीन,” त्या म्हणाल्या. “नकळत झालं. पण तू चार दिवस तोंड चुकवत होतीस. मला वाटलं, माझं राहणं तुला जड झालंय. मी तर तिकीट अलीकडचं मिळतं का बघायला त्याला सांगणार होते.”

मला त्यांचं व्रत मोडल्याची काळजी. त्यांना त्यांचं या घरातलं बसणं-उठणं मोडल्याची. चार दिवस एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी दोन वेगळ्या गोष्टींनी झुरत होतो.

पुढच्या आठवड्यात ती जपानी मैत्रीण आमच्याकडे आली. मी तिला झालेला प्रकार सांगितला होता. जपानमधल्या बौद्ध मठांत मासे वर्ज्य असतात, तिथे नुसत्या कोम्बूचं आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांचं दाशी करतात, म्हणून ती दोन पाकिटं घेऊनच आली. गंमत म्हणजे, १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने याच कोम्बूतून चवीचं जे द्रव्य वेगळं काढलं, त्यातून पुढे आपल्या ओळखीचं अजिनोमोटो आलं. आई ओट्याशी उभ्या राहून पातेल्यात काय काय पडतंय ते बघत होत्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पाणी उकळू लागायच्या आधी कोम्बू काढायचं हे त्यांना खुणेने कळलं. मग वाडगा घेतला. “तेच आहे,” म्हणाल्या. माझ्या जिभेला थोडा फरक लागला, पण मी बोलले नाही.

आता जाता जाता कामाची गोष्ट, कारण दिवाळीनंतर अनेकांकडे पाहुणे येतील. नुसतं ‘शाकाहारी आहे का’ विचारू नका. ‘झित एर फिस इन द बुयॉन?’, म्हणजे पाण्यात मासा आहे का, असं विचारा. त्याहून सोपं, अ‍ॅलर्जीची यादी मागा. डिसेंबर २०१४ पासून युरोपात १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती हॉटेलांनाही द्यावी लागते, आणि त्यात मासा, अंडं, कोळंबी-खेकडे आणि शिंपले हे सगळं वेगवेगळं येतं. टेंपुरासोबतचा सॉस, अगेदाशी तोफू आणि इनारी या गोड तोफूच्या पिशव्या यांतही दाशी असू शकतं. काकडीचा रोल, अ‍ॅव्होकाडोचा रोल आणि सोयाबीनच्या शेंगा सहसा निर्धोक, पण विचारायचं ते विचाराच. लाजू नका. आपल्या घरचं कुणी ‘सोडलंय’ म्हणत असेल, तर त्याच्या वतीने विचारणं आपल्याकडेच येतं.

वारीसाठी आई जूनमध्ये परत गेल्या. बॅगेत चीज, स्ट्रूपवाफल आणि कोम्बूचं एक पाकीट. परवा फोनवर म्हणाल्या, तुरीच्या आमटीत घातलं, बरं लागलं, शेजारच्या बायका विचारतात हे काय म्हणून. मग त्यांनी पाकिटाच्या पाठच्या बाजूचा फोटो पाठवला. “यात पाल्याशिवाय दुसरं काही नाही ना? एकदा वाचून सांग.”

मला जपानी वाचता येत नाही. लेकीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं, आणि मगच उत्तर दिलं.