कोंढाणे: उल्हासच्या उगमाशी, बलकाच्या गावात

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला मागून जादा इंजिने जोडून घेते, पळसदरी मागे टाकते आणि घाट चढू लागते. ठाकूरवाडीच्या पुढे डाव्या हाताच्या खिडकीतून एक खोल, हिरवीगार दरी उघडते. पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जुळे किल्ले. पावसाळ्यात सगळा डबा त्या खिडक्यांशी गोळा होतो, मोबाइल बाहेर निघतात, तेवढ्यात बोगदा येतो. या दरीच्या तळाशी, झाडीत बुडालेले जे गाव खिडकीतून दिसत नाही, ते कर्जत तालुक्यातले कोंढाणे.

गावाची जागा मोठी नामी आहे. दक्षिणेला खंडाळ्याचे कडे, पूर्वेला राजमाची आणि सह्याद्रीची मुख्य धार, उत्तरेला ढाकचा डोंगर. तिन्ही बाजूंनी बंद झालेली ही दरी फक्त कर्जतच्या दिशेने मोकळी होते, आणि त्याच वाटेने उल्हास नदी बाहेर पडते. कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण अशी गावे घेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून ती वसईच्या खाडीला मिळते. बदलापूरच्या माणसाला ही नदी २६ जुलै २००५ च्या महापुरामुळे पाठ आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, तीही हिच्याच पुरात. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारे हे डोंगर आपले सगळे पाणी काही तासांत खाली लोटून देतात. मग उन्हाळ्यात कोंढाण्याची उल्हास खडकांमधल्या डोहांपुरती उरते आणि बायका हंडे घेऊन पाण्यामागे फिरतात. शेजारच्या पेज नदीचे नशीब वेगळे. १९२२ पासून चालू असलेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून घाटावरचे पाणी तिच्यात उतरते, त्यावर राजनाल्याचा कालवा चालतो आणि तिकडचे शेतकरी उन्हाळी भातही काढतात. कोंढाण्यात भात एकच, पावसाचे. माघ-फाल्गुनात राब भाजायचा, मृगात पेरायचे, आषाढात लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. वरकस जमिनीत थोडी नाचणी, थोडी वरई. त्यानंतर माणसे कामासाठी कर्जत-खोपोली गाठतात किंवा नदीकाठच्या फार्महाउसांवर राखणदार होतात.

ही फार्महाउसे कर्जतपासूनच सोबत करतात. स्टेशनबाहेरून कोंदिवड्याकडे जाणारी मिनीडोर पकडली की रस्ता नदीच्या अंगाने जातो, पण नदी दिसते ती तुटक तुटक. मधे उंच भिंती, लोखंडी फाटके, शनिवार-रविवारच्या निवासाच्या पाट्या. कोंदिवड्यात टपरीवर चहा देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आधी गुरं कुठूनबी पान्यावर न्यायचो. आता वळसा घालून जावं लागतं." तक्रारीचा सूर नव्हता, त्या आपल्या रोजच्या चालण्याचा हिशेब सांगत होत्या. पण दरीतल्या माणसाला नदीकडे जायला वळसा घालावा लागावा, हे ऐकून बरे वाटत नाही.

कोंदिवड्याहून कोंढाणे, आणि तिथून राजमाचीची पायवाट धरायची. वाट रानातून चढते, मधे ओढे लागतात, आणि तासाभराच्या आत झाडीमागून एकदम कातळाचा कडा समोर येतो. त्या कड्याच्या पोटात कोंढाण्याची लेणी आहेत. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा थेट लेण्यांच्या पुढ्यात कोसळतो. त्याच पाण्याने लेण्यांचे सौंदर्य वाढवले आणि त्याच पाण्याने त्यांची झीजही केली.

बौद्ध लेण्यांचा हा गट इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहापेक्षा जुना. एक चैत्यगृह, त्याला लागून विहार आणि पुढे लहान-मोठ्या खोल्या. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल घेऊन घाट चढणारे व्यापारी आणि त्यांच्या वाटेवर वर्षावासासाठी थांबणारे भिक्षू ही कथा भाजे, कार्ले, बेडसे यांच्या निमित्ताने आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कोंढाणे त्याच साखळीतले, घाटाच्या पायथ्याचे ठाणे. फरक इतकाच की कार्ल्याला हमरस्ता मिळाला आणि हे रानात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विष्णुशास्त्री नावाच्या आपल्याकडच्या पंडिताने ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. पाठोपाठ ठाण्याचे कलेक्टर लॉ येऊन गेले, आणि १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या लेण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात कोंढाण्याची मापे छापली गेली. चैत्यगृह सुमारे ६६ फूट खोल, आतल्या स्तूपाचा व्यास साडेनऊ फूट.

चैत्याच्या दर्शनी भागावर कठड्यांची नक्षी आणि तिच्यामधल्या चौकटींत नाचणारी जोडपी आहेत. पुरुषाच्या हातात कुठे धनुष्य, बायकांचे केस निगुतीने बांधलेले, कंबरेला झोक. इतक्या उंचीवर, इतक्या लहान चौकटीत, दगडात हा लयीचा खेळ कोणी मांडला असेल असे मनात येते. आणि कोंढाण्याचे भाग्य असे की इथे त्या प्रश्नाला उत्तर आहे.

दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एक भले थोरले मस्तक कोरलेले आहे. चेहरा पार झिजला आहे, नाक-डोळे हाताला लागत नाहीत, पण डोक्यावरच्या पागोट्याचे पेच अजून मोजता येतात. त्याच्या डाव्या खांद्यालगत ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा मजकूर. 'हे' म्हणजे ती मूर्ती की सगळे लेणे, यावर अभ्यासक वाद घालतात. घालोत. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोडा हाती धरणाऱ्या एका माणसाने आपले नाव आणि आपल्या गुरूचे नाव या कातळावर ठेवले, ही गोष्ट त्या वादात कमी होत नाही.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत नावे पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक देणाऱ्यांची. कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे, बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे. ज्याने पैसा दिला त्याने नाव घेतले, हा तेव्हाचाही रिवाज. करणाऱ्यांची नावे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. कार्ल्यात स्वामी नावाच्या सुताराचे, पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराचे, आणि इथे बलकाचे. पितळखोऱ्याचा कण्हदास आणि कोंढाण्याचा कण्ह यांचे नाते काय, ते सांगायला पुरावा नाही, तरी दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. कोरीव काम करणाऱ्यांची एखादी परंपरा, तिचे गुरू-शिष्य, एका डोंगरातून दुसऱ्या डोंगराकडे जाणारी त्यांची हत्यारे. राजाचे नाव नाही, शेठजीचे नाव नाही, सबंध लेण्यावर ठळक उरले ते एका कारागिराचे. मला कोंढाणे पाहावेसे वाटले ते या एका ओळीसाठी.

ती ओळ शोधायला गावातले एक बाबा सोबत आले होते. तरुणपणी त्यांनी या पंचक्रोशीत कौलारू घरे बांधली. लाकूड तासायचे, खांब उभे करायचे, छपराचा सांगाडा जोडायचा, हे त्यांचे काम. आता घरे सिमेंटची आणि पत्र्याची, त्यामुळे त्यांच्या हाताला काम नाही. मी दर्शनी भागावरची जोडपी न्याहाळत होतो, ते मात्र थेट चैत्यात शिरले आणि मान वर करून उभे राहिले. "भाऊ, घर बांधनारा मानूस पहिलं वर बघतो," म्हणाले.

वर दगडाचे कमानदार छत आहे. बाबांनी काठीने एकेक जागा दाखवली. "हितं वासा बसत होता. ह्यो त्याच्या शेजारचा. मधलं अंतर बघा, सारखं हाय." एके काळी या दगडी छताला खालून लाकडाचे वासे लावलेले होते. कार्ल्याला आणि भाज्याला असे वासे आजही पाहायला मिळतात, कोंढाण्याचे कधीच गेले. पुढच्या कमानीतल्या लाकडी जाळीचा एक तुकडा तेवढा बर्जेस यांच्या वेळेपर्यंत टिकून होता. डोंगर आपल्या आधाराने उभा असताना लाकूड कशाला, असे मी विचारले. बाबा थोडे थांबले. "छप्पर म्हनलं का वासे आलेच. त्याबिगर आत आल्यावानी वाटत नाय." लाकडी इमारतींच्या सवयीतून कोरीव लेणी कशी घडली, हे पुस्तकांत पानेच्या पाने भरून सांगितलेले असते. ते इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे ऐकलेले नाही. मग त्यांनी खांबांकडे वळून जीभ चुकचुकवली. ओलीने बहुतेक खांबांचे बुंधे खाऊन टाकले आहेत. वरचे टोक छताला धरून आहे आणि खाली काही नाही, असे काही खांब तर लोंबत राहिल्यासारखे दिसतात. "पागोळीचं पानी आत घेतलं की असं व्हतं. वर चर मारून पानी बाजूला काढाया पायजे." विहारात गेल्यावर छताला कोरलेल्या दगडी तुळया त्यांनी हात उंचावून दाखवल्या आणि त्यांची बैठक बरोबर आहे असा निर्वाळा दिला. भिंतींतल्या खोल्यांमधले दगडी ओटे पाहून मात्र ते हसले. निजायला कठीण, पण पावसात कोरडे, एवढेच म्हणाले.

ओळ सापडली ती बराच वेळ गेल्यावर. ऊन तिरपे पडले की अक्षरांच्या कडा उठून येतात, समोरून पाहिले तर कातळाचे ओरखडेच वाटतात. बाबा इतकी वर्षे या वाटेने गुरे घेऊन आले, पण इथे कोणा कारागिराचे नाव आहे हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. त्यांनी दोनदा विचारून घेतले, बलक म्हणजे कोण, गाव कुठले. गाव लिहिलेले नाही म्हटल्यावर त्यांचा ठाम अंदाज पडला, "हितलाच असनार. भायेरचा मानूस एवढा पाऊस काढील का?"

याला इतिहास म्हणता येणार नाही, पण हा तर्क मला आवडला.

राजमाचीचा इतिहास त्या मानाने सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास तो घेतला. पुढे शाहू महाराजांकडून कान्होजी आंग्र्यांकडे आणि आंग्र्यांकडून पेशव्यांकडे गेला. १७७६ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने काही काळ बळकावला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. खालचा कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात गेला, आणि १९८१ पासून रायगडात आहे. दरीच्या दुसऱ्या अंगाला १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातला लोहमार्ग तयार झाला. हजारो मजुरांनी तिथे देह ठेवला. त्या बोगद्यांच्या तोंडांवर त्यांच्यापैकी कोणाचे नाव सापडायचे नाही. बलकाची ओळ वाचून आल्यावर पलीकडून घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा हेच आठवत राहिले.

आज कोंढाणे वर्तमानपत्रांत येते ते मुख्यतः धरणामुळे. उल्हासवर इथे प्रस्तावित असलेल्या धरणाचे नाव सिंचन घोटाळ्याच्या चौकशीत आले, गुन्हे दाखल झाले, काम थांबले. नंतर प्रकल्प नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी सिडकोकडे सोपवला गेला. गावकऱ्यांच्या आयुष्यात या सगळ्याचा अर्थ एकच झाला आहे, तो म्हणजे टांगणी. ज्या घराखाली पाणी येणार की नाही हे ठाऊक नाही, ते घर दुरुस्त करावे की नाही? मुलाला वाटणी द्यायची ती कुठल्या जमिनीची? ज्या गावाच्या बायका चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोह गाठतात, त्याच गावाचे पाणी दूरच्या शहराला द्यायचे तर आधी त्या गावाशी नीट बसून बोलायला हवे. ते बोलणे झाल्याचे मला तरी गावात कोणी सांगितले नाही.

लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पण संरक्षण म्हणजे निळा फलक नव्हे. पावसाळी शनिवार-रविवारी इथे झुंबड उडते, धबधब्याखाली गाणी वाजतात, चैत्याच्या आत वेफर्सची पाकिटे पडतात. जिथे एका कारागिराने दोन हजार वर्षांपूर्वी जपून एक ओळ कोरली, तिथे आजचे हौशी लोक खिळ्याने आपली आणि आपल्या मैत्रिणींची नावे ओरबाडतात. त्या पुरातन ओळीशेजारी देवनागरीत तिचा पाठ आणि अर्थ सांगणारी एक साधी पाटी का असू नये? वरच्या कातळावर पाण्याला वाट काढून देणारा चर का नसावा? गावातल्या चार मुलांना हे लेणे नीट वाचून दाखवायला शिकवले, तर भिंती राखण्यापेक्षा बरे काम त्यांना घराशेजारी मिळेल. यातले एकही काम धरणाइतके खर्चाचे नाही.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. ओढ्यांना पाणी असते आणि वाट निसरडी नसते. कर्जत स्टेशनबाहेरून कोंदिवड्याची मिनीडोर मिळते, ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवावा. गावातून वाटाड्या जरूर घ्यावा. रानात पायवाटा फुटतात आणि गावातल्या एखाद्याला दिवसाचे चार पैसेही मिळतात. ज्यांचे पाय धट्टेकट्टे आहेत त्यांनी लेणी पाहून तसेच वर राजमाचीला चढावे आणि उधेवाडीत मुक्काम करावा. तिथे भाकरी-पिठल्याची सोय घरोघरी होते. ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी विजेरी मात्र न विसरता न्यावी. चैत्याच्या डाव्या अंगाला, मस्तकाच्या खांद्यापाशी, ती बाजूने आडवी धरली की बलकाची ओळ ढगाळ दिवशीही वाचता येते.