डब्यातले धने, कुंडीतली कोथिंबीर

प्रतिनिधी

भाजी घेऊन झाली की ‘थोडी कोथिंबीर टाका’ असे म्हणायची आपली जुनी सवय. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर मात्र ही विनंती ओठांतच राहते. जुडीचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे सरकते. चार महिने उलटतात, थंडी पडते आणि तीच जुडी इतकी स्वस्त होते की काढणीची मजुरीही सुटत नाही म्हणून शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतो. या चढउताराला कंटाळून शहरातली अनेक घरे एखादी कुंडी आणतात आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर धने तिच्यात टाकतात. दोन आठवडे पाणी घालूनही काही उगवत नाही, किंवा उगवते ते दोरीसारखे लांबते आणि आडवे पडते. मग ‘आपल्या हाताला गुण नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि कुंडी रिकामी राहते.

प्रस्तुत प्रतिनिधीनेही हाच निष्कर्ष दोनदा काढला होता. परंतु दोष हाताचा नसतो. सुगंधी पाल्याच्या वनस्पतींचे काही ठरावीक स्वभाव आहेत. ते समजून घेतले, तर दोन फुटांच्या गॅलरीतही वरणावर भुरभुरण्यापुरती हिरवाई सहज निघते.

दोन घराणी, दोन तऱ्हा

स्वयंपाकातल्या बहुतेक सुगंधी पाल्याची दोन मोठी घराणी आहेत. पहिले घराणे छत्रीसारखा फुलोरा येणाऱ्यांचे. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरे आणि परदेशी पार्सली ही त्यातली मंडळी. दुसरे घराणे तुळशीचे. तुळस, सब्जा, पुदिना, ओरेगॅनो, थाइम आणि रोजमेरी त्यात मोडतात. या घराण्यातल्या रोपाचा कोवळा देठ बोटांत फिरवून पाहावा, तो चौकोनी लागतो.

दोन्ही घराण्यांची बी पेरण्याची रीत अगदी वेगळी आहे आणि घरगुती लागवडीतले निम्मे अपयश त्यांना एकाच पद्धतीने पेरण्यातून येते. छत्रीवाल्यांचे मूळ सोटासारखे सरळ खाली जाते. त्यांना एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलेले सोसत नाही. धक्का बसलेले रोप पाने धरण्याऐवजी लगेच फुलोऱ्यावर येते. म्हणून कोथिंबीर आणि शेपू जिथे वाढवायचे तिथेच पेरावेत. तुळशीच्या घराण्यातली बी बारीक असते, रोपे स्थलांतर मानवून घेतात आणि शेंडा खुडला की दोन फांद्या फुटून अधिक दाट होतात.

सुगंधाची साठवणही दोन्ही घराण्यांत निरनिराळी असते. कोथिंबिरीचे सुगंधी तेल पानांतल्या आणि देठांतल्या सूक्ष्म नलिकांमध्ये असते. म्हणून ती चिरली की वास दरवळतो आणि देठ टाकून देणे हा तोटाच ठरतो. तुळस-सब्जाचे तेल पानांच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते, त्यामुळे नुसता हात लागला तरी सुगंध येतो. ही तेले उडून जाणारी असल्याने तोडल्यापासून प्रत्येक तासाला सुवास उणावत जातो. घरच्या चार काड्यांची चव बाजारातल्या मोठ्या जुडीपेक्षा तीव्र लागते, ती यामुळे.

धने का उगवत नाहीत?

आपण ज्याला धन्याचा दाणा म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाळलेले फळ आहे. त्याच्या दोन अर्ध्या भागांत एकेक बी असते. अख्खा दाणा पेरला तर कठीण कवचातून पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि दोन रोपे एकाच जागी दाटीने येतात. म्हणून आपल्याकडचे शेतकरी पेरणीपूर्वी धने चपलेखाली हलकेच रगडून दुभंगतात. घरी लाटणे फिरवले तरी काम होते. दाण्याचे दोन भाग व्हावेत, चुरा होऊ नये, एवढी काळजी पुरे.

रगडलेले धने रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी सावलीत कोरडे करावेत आणि मातीत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावेत. त्यानंतर आठ ते बारा दिवस वाट पाहावी लागते. अधीर माणूस पाचव्या दिवशी माती उकरून पाहतो आणि फुटू लागलेला कोंब मोडून टाकतो.

दुसरे कारण जुनेपणाचे. या घराण्यातल्या बियांची उगवणक्षमता वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने घटते. डब्याच्या तळाशी उरलेले धने आमटीला चालतात, पेरणीला चालतीलच असे नाही. याची परीक्षा सोपी आहे. वीस दाण्यांचे अर्ध भाग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावेत, फडके वाळू देऊ नये. बारा दिवसांत निम्म्याहून कमी भागांना कोंब आले, तर नवे बियाणे आणणे श्रेयस्कर.

विकतच्या पाकिटावर उगवणक्षमतेची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. किमतीआधी ती वाचावी. पानांसाठीच्या जाती दाण्यांसाठीच्या जातींहून वेगळ्या असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण कस्तुरी’ ही कोथिंबिरीची अशीच एक जात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते. गुलाबी, लाल किंवा हिरव्या रंगाचा लेप ही त्याची खूण. असे उरलेले धने किंवा मेथ्या चुकूनही स्वयंपाकघरातल्या डब्यात मिसळू नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. उलट वाण्याकडचे साधे धने पेरून थोडे कमी उगवले, तरी त्यात हा धोका नाही.

वाण्याच्या दुकानातली रोपवाटिका

खरे तर वाण्याचे दुकान हीच शहरवासीयांची सर्वांत जवळची रोपवाटिका आहे. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या बाळंतशेपा म्हणजे शेपूचेच दाणे. ते रुंद कुंडीत विरळ पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात. फालुद्यात घातला जाणारा सब्जा म्हणजे इटालियन पदार्थांतल्या ‘बेसिल’चाच सख्खा भाऊ. दोघांची जात एकच, वाण तेवढा वेगळा. सब्जाचा वास अधिक उग्र असतो, पण टोमॅटोच्या सारात किंवा कोशिंबिरीत तो सुरेख लागतो.

सब्जा मात्र भिजवून पेरू नये. पाण्यात पडताच त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण येते आणि दाणे एकमेकांना चिकटतात. ओलसर मातीवर कोरडे दाणे भुरभुरावेत, तळहाताने हलके दाबावेत आणि वर मातीची अगदी पातळ चाळण द्यावी. उबदार हवेत आठवडाभरात रोपे दिसू लागतात. ती वीतभर झाली की शेंडा खुडावा. मंजिरी येऊ लागताच काढून टाकावी, अन्यथा झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते आणि पाने लहान व कडवट होतात.

ओव्याच्या बाबतीत गैरसमज फार आहे. ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो ‘पानओवा’ तुळशीच्या घराण्यातला, तर मसाल्याच्या डब्यातला ओवा छत्रीवाल्यांपैकी. वास सारखा, कारण दोघांत मिळतीजुळती सुगंधी द्रव्ये आहेत. डब्यातला ओवा पेरला तर बारीक, शेपूसारख्या पानांचे रोप येते. भजीची पाने हवी असतील तर शेजाऱ्यांकडून पानओव्याची एक फांदी मागून मातीत खोचावी.

नवशिक्याने प्रारंभ मात्र मेथीने करावा. ती दोन ते चार दिवसांत उगवते आणि आत्मविश्वास देते. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांत मिळणारी, वाळूत वाढवलेली समुद्रमेथी पाहिली असेल. ती म्हणजे दहा-बारा दिवसांची कोवळी मेथीच. चार इंच खोलीच्या ट्रेमध्ये माती व वाळूच्या मिश्रणात मेथ्या दाट पेरल्या की तीच घरी मिळते.

सगळेच बियांपासून नको

काही वनस्पती बियांपासून वाढवण्याचा हट्ट धरू नये. पुदिन्याच्या बियांपासून मूळ झाडाच्या गुणांचे रोप येईलच याची शाश्वती नसते. पेपरमिंट हा पुदिना तर संकरित व वांझ असल्याने त्याला उगवणारे बीच धरत नाही. बाजारातल्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळे फुटतात. गवती चहाचा ठोंब लावावा. रोजमेरीचे बी रडतखडत उगवते, तिथे छाट कलमच बरे. ओरेगॅनो आणि थाइमचे बी धुळीसारखे असते, ते मातीवर नुसते शिंपडावे. या भूमध्यसागरी प्रदेशातल्या वनस्पती आहेत. आपल्या पावसाळी दमटपणात त्यांची मुळे कुजतात, म्हणून त्यांच्या मातीत वाळू अधिक घालावी आणि पावसात कुंड्या आडोशाला घ्याव्यात. पार्सलीला उगवायला तीन ते चार आठवडे लागतात. तोवर धीर धरणे एवढेच हाती असते.

कढीपत्त्याची गोष्ट याहून वेगळी. त्याचे बी वाळवून ठेवले की मरते. काळीजांभळी पिकलेली फळे मिळताच गर काढून बी त्याच आठवड्यात पेरावे.

माती, ऊन आणि पाणी

कोथिंबिरीच्या कुंडीला सात-आठ इंच खोली पुरते, रुंदी मात्र जितकी अधिक तितकी चांगली. तळाला छिद्रे हवीतच. पोयटा माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि नारळाच्या काथ्याचा भुगा समप्रमाणात घेतला की मिश्रण भुसभुशीत राहते. पाणी झारीने किंवा झाकणाला छिद्रे पाडलेल्या बाटलीने द्यावे. नळाची धार बी वाहून नेते. माती ओलसर असावी, चिखल नसावा. सतत ओल राहिली की बुरशीमुळे कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात आणि एका रात्रीत अख्खी कुंडी आडवी होते.

खताचा अतिरेकही नको. नत्र भरपूर मिळालेली पाने मोठी व लुसलुशीत होतात, पण त्यांचा वास फिका पडतो. मावा दिसल्यास पाण्याचा फवारा द्यावा, त्याने भागले नाही तर निंबोळी अर्क फवारावा.

ऊन रोज किमान चार तास हवे. दोरीसारखी लांबलेली रोपे म्हणजे प्रकाशाची उपासमार. आपली गॅलरी कोणत्या दिशेला आहे, यावर पेरणीचे गणित ठरते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, उरलेल्या वर्षभर दक्षिणेकडे. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ऊन खोलवर येते आणि नेमका तोच कोथिंबीर-शेपूचा हंगाम असतो. केवळ उत्तरेची खिडकी असलेल्यांनी पुदिन्यावर समाधान मानावे.

खाली राहणाऱ्यांचेही ऐका

सदनिकेतली बाग ही एकट्याची बाब नसते. खिडकीच्या ग्रीलवर नुसती टेकवलेली कुंडी वादळी वाऱ्यात खाली पडली तर कोणाचा जीव जाऊ शकतो. कुंड्या ग्रीलच्या आत, तारेने बांधून ठेवाव्यात. खालच्या मजल्यावर पाणी गळू नये म्हणून आपण कुंडीखाली ताटली ठेवतो. त्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एकदा तरी ताटली रिकामी करून घासून कोरडी करावी. पावसाळ्यात ती काढून टाकणेच बरे.

अपेक्षा किती ठेवावी?

आता कळीचा प्रश्न. याने मंडईचा खर्च वाचतो का? प्रामाणिक उत्तर असे, की फारसा नाही. फूटभर रुंदीच्या कुंडीतून पस्तीस-चाळीस दिवसांनी एखादी लहान जुडी निघते, मुळे न उपटता कापली तर दुसऱ्यांदा त्याहून कमी. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे तीन कुंड्या पेरल्या, तर हिवाळाभर खंड पडत नाही. लाभ आहे तो हवी तेवढीच चार पाने तोडता येण्याचा. जुडी आणून निम्मी फ्रिजमध्ये काळी पडण्याचे आपल्या घरातले नित्याचे दृश्य त्यामुळे टळते.

ज्या कारणाने बाजारात कोथिंबीर महागते, त्याच कारणाने ती कुंडीतही रुसते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. एप्रिल-मेच्या उन्हात तिची उगवण मंदावते आणि झाड घाईने फुलावर येते. जुलैच्या संततधारेत ती सडते. शेतातही हेच घडते. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली, पावसात छताखाली थोडीफार जगवता येते, परंतु त्या दिवसांत सब्जा, पानओवा आणि गवती चहा यांच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

गेल्या हिवाळ्यात या प्रतिनिधीच्या गॅलरीत तिसऱ्या प्रयत्नाला कोथिंबीर आली. त्यातले एक रोप मुद्दाम कापले नाही. त्यावर पांढऱ्या-गुलाबी छत्र्या उमलल्या, तिसऱ्या मजल्यावर कुठून तरी मधमाश्या आल्या आणि पेरणीपासून साडेतीन महिन्यांनी तपकिरी धने हाती आले. जेमतेम दोन चमचे. त्यांतले अर्धे यंदाच्या ऑक्टोबरसाठी कागदी पुडीत बांधून ठेवले आहेत. एवढ्या दोन चमच्यांसाठी किती वेळा पाणी घातले, किती वेळा आभाळाकडे पाहिले, याचा हिशेब मनात झाला. तेव्हापासून मंडईत ‘थोडी कोथिंबीर टाका’ म्हणताना जीभ जरा अडखळते.