आचारी ओसरीवर, पंगत शेगडीवर

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो आणि आपल्याकडे सिंटरक्लासचे वेध लागतात. दुकानांच्या सवलतींचे दिवसही हेच. घरात गेम खेळणारे मूल असेल तर एक मागणी ठरलेली असते: "लॅपटॉप अडकतोय, नवीन घ्या ना." पैसे काढण्याआधी पुढचे जरूर वाचा. काही शे युरो वाचतील, कदाचित घरातला एक वादही.

आमच्याकडे हा वाद झाला. नातवाचा लॅपटॉप जेमतेम वर्षभराचा. वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेला. तरी गेम सुरू केला की चित्र धक्के खात पुढे सरकायचे. मोठ्यांनी निकाल देऊन टाकला: "नको ते डाउनलोड केलं असशील." मीही मान डोलावली. तो एवढेच म्हणाला, "आबा, मी काही केलं नाही."

झूटरमेरच्या एका पावसाळी रविवारी आम्ही दोघे तो लॅपटॉप घेऊन बसलो, तेव्हा कळले की पोरगा खरे बोलत होता. महागाचे कार्ड रिकामे बसले होते.

असे का होते? गेमिंगच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिपा असतात. एक मुख्य प्रोसेसरमध्येच बसवलेली, कमी विजेवर चालणारी; ईमेल आणि यूट्यूबला ती पुरते. दुसरे वेगळे कार्ड, ताकदवान पण विजेला खादाड. कोणते काम कोणाला द्यायचे हे संगणक स्वतः ठरवतो आणि बॅटरी वाचावी म्हणून हात आखडता घेतो. कधी त्याचा अंदाज चुकतो. मग लग्नासाठी बोलावलेला आचारी ओसरीवर बसून राहतो आणि दोनशे पानांची पंगत घरच्या शेगडीवर निघते.

पंगत किती मोठी, ते पाहा. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके दर सेकंदाला रंगवावे लागतात. हे एकट्याचे काम नाही. ते वाटून घ्यावे लागते. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला 'परम ८०००' याच तत्त्वावर चालत असे: ६४ प्रोसेसरांनी एक काम वाटून घ्यायचे. आजच्या गेमिंग कार्डात असे छोटे कारागीर हजारोंनी असतात. फक्त त्यांना कामाला बोलवावे लागते.

आधी तपासा. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डच विंडोजमध्ये तो 'टाकबेहेर'. त्यातल्या परफॉर्मन्स पानावर दोन्ही चिपा नावानिशी दिसतात. गेम चालू असताना वेगळे कार्ड शून्याच्या आसपास घुटमळत असेल, तर दुखणे सापडले.

आता उपाय. गेम बंद करा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जा. यादीतून तुमचा गेम निवडा, पर्यायांत 'हाय परफॉर्मन्स' (डचमध्ये 'होखं प्रेस्टात्सीस') घ्या, सेव्ह करा आणि गेम पुन्हा सुरू करा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे. प्रत्येक पर्यायाखाली चिपेचे नाव लिहिलेले असते. दोन्हीकडे एकच नाव दिसले, तर वेगळे कार्ड नाही किंवा त्याचा ड्रायव्हर बसलेला नाही.

एक खाचखळगा. कधी आपण क्लिक करतो तो नुसता दरवान असतो आणि खेळ चालवणारा दुसराच. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत यादीत घालायचा तो लाँचर नव्हे, तर 'जावाडब्ल्यू' नावाचा प्रोग्राम. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्यावर उजवे बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटले की तो कुठे आहे ते कळते.

चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर कार्ड हात राखून चालते. टेबलावरचा संगणक असेल तर आधी पडद्याची केबल पाहा. ती कार्डाच्याच खाचेत हवी, वरच्या मदरबोर्डच्या खाचेत नव्हे. आणि कोणी "छोटी चिप बंदच करून टाका" म्हणाले तर ऐकू नका. अनेक लॅपटॉपमध्ये पडदा तिच्यामार्फतच जोडलेला असतो.

कार्ड मन लावून काम करत असूनही गेम अडकत असेल, तर कारण वेगळे: आत साठलेली धूळ, वाढलेले तापमान किंवा खरोखरच जुने झालेले यंत्र. तेव्हा खुशाल दुकानात जा.

आमच्याकडे बदल करून गेम उघडला आणि चित्र पाण्यासारखे वाहू लागले. नातू काही बोलला नाही, माझ्याकडे पाहून नुसता हसला. "आधी मोजा, मग बोला" हे मी वर्गात जन्मभर सांगितले, घरात मात्र विसरलो होतो. मी त्याची माफी मागितली. मोठ्या मनाने त्याने मला एक डाव खेळू दिला. मी लगेच हरलो.