नौकेच्या दुरुस्तीसाठी रेझिनची निवड

दमणगंगेवर मधुबन येथे बांधलेल्या धरणाचा जलाशय आमच्या प्रदेशात दुधनीपर्यंत पसरला आहे. त्यावर सहलीच्या नौका फिरतात. नौकेच्या तळाला गेलेली चीर ही दिसावयास लहान असली, तरी तिच्याशी प्रवाशांचे प्राण निगडित असतात. म्हणून फायबरग्लासच्या नौकेची दुरुस्ती कोणत्या रेझिनने करावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये, अर्थात कृत्रिम राळेमध्ये, भिजवून तयार केलेले कठीण कवच होय. तंतू ताण सोसतात आणि रेझिन त्यांना एकत्र बांधून ठेवते. बहुतेक नौका स्वस्त अशा पॉलिएस्टर रेझिनच्या असतात. मग दुरुस्तीही त्यानेच का करू नये?

याचे उत्तर असे की, नवी नौका बांधताना एक थर ताजा असतानाच त्यावर दुसरा चढविला जातो व दोहोंचा रासायनिक संयोग होतो. दुरुस्तीच्या वेळी मात्र जुना थर केव्हाच कठीण झालेला असतो; नव्या थरास त्याला केवळ चिकटून राहावयाचे असते. पॉलिएस्टर कठीण होताना आकसते व त्याची पकडही बेताचीच असते. व्हिनिल एस्टरची पकड आणि पाण्यापुढील टिकाव त्याहून सरस असतो. इपॉक्सी सर्वांत महाग खरे. परंतु ते फारच थोडे आकसते आणि जुन्या फायबरग्लासला, तसेच लाकडालाही, घट्ट धरून राहते. तेव्हा पाण्याखालच्या व भार पेलणाऱ्या भागासाठी इपॉक्सी घ्यावे. वरवरच्या ओरखड्यांना पॉलिएस्टरचा जेलकोट पुरे होतो.

इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड वापरावे. सुट्या तंतूंच्या नेहमीच्या चटईतील बंधक द्रव्य पॉलिएस्टरमध्ये विरघळते. इपॉक्सीत ते विरघळत नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून रंग द्यावा.

उत्तम रेझिनही ओल्या पृष्ठभागावर टिकत नाही. यास्तव पावसाळ्यात घाई करू नये. भाग पूर्ण वाळवून कडा उतरत्या घासाव्यात. उताराची लांबी कवचाच्या जाडीच्या सुमारे 12 पट असावी. म्हणजे 5 मिलिमीटर जाडीस 60 मिलिमीटर. इपॉक्सीचे हार्डनर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. ते अधिक घातल्याने काम लवकर होत नाही, उलट थर दुबळा राहतो. हातमोजे व चष्मा घालावा, आणि जागा हवेशीर असावी.

चिरीवर बसविलेला तुकडा वरून गुळगुळीत दिसला, एवढ्याने नौका सुरक्षित झाली असे होत नाही. त्याची खरी परीक्षा नौका माणसांनी भरून खोल पाण्यात गेल्यावरच होते. रेझिन निवडताना किमतीच्या आधी तिचा विचार करावयास हवा.