बंजारा भरतकाम

बंजारा भरतकाम ही बंजारा समाजातील स्त्रियांची पारंपरिक हस्तकला होय. हिंगोली जिल्ह्यातील तांड्यांसह मराठवाडा, विदर्भ, तेलंगण व कर्नाटकात ती आढळते. फेटिया (घागरा), काचळी (चोळी) व टुकरी (ओढणी) यांवर रंगीत धाग्यांचे टाके घालून आरसे, कवड्या आणि नाणी शिवतात.

बैलांवरून धान्य व मिठाची वाहतूक करणारा हा समाज रेल्वेच्या प्रसारानंतर स्थिरावत गेला. वेश मात्र टिकून राहिला. कला आईकडून मुलीकडे येते. पोशाखाची घडण समान असली, तरी रंगसंगती ज्या त्या स्त्रीची असते.

साडी रूढ झाल्याने हा पोशाख आता मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर आणि तीज, होळी व विवाहप्रसंगी दिसतो. नित्य वापर सरल्याने टाके शिकण्याचे निमित्तही उणावले आहे. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामास भौगोलिक मानांकन लाभले आहे.