कोणता योग कोणाला?

दरवर्षी २१ जूनला आपल्या महाविद्यालयात योगदिन होतो. २०१५ पासून तो जगभर होऊ लागला आणि आपणही सतरंज्या अंथरून, रांगा धरून तो साजरा करतो. गेल्या वर्षीच्या त्या कार्यक्रमानंतर माझ्या अंगात योगाचा असा काही संचार झाला की घरी पोहोचताच मी पहिला शिष्य हेरला. तो म्हणजे माझे बाबा. वय पंचावन्न, थोडी संत्र्याची बाग आणि चार एकर कापूस. पाठ दुखणे ही त्यांची जुनी तक्रार. मोबाईलवरच्या एका चित्रफितीत मी ऐकले होते की पाठीला हलासनासारखे औषध नाही. बाबांना ओसरीवर उताणे निजवून मी त्यांचे पाय डोक्यामागे नेले. नेले म्हणजे खरे सांगायचे तर ढकलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "काहून रे बापू, पाठ राह्यली बाजूला, आता मान वळून नाही राह्यली."

आर्वीला डॉक्टरांकडे गेलो. मानेला पट्टा आला आणि पंधरा दिवस वाकायचे नाही असा हुकूम झाला. दिवस कोणते, तर सरकी लावण्याचे. त्या वर्षी आमच्या शेतात मजूर लावावे लागले आणि धुऱ्यावर खुर्ची टाकून बाबा नुसते पाहत बसले. "हे कोणी शिकवलं?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा बाबांनी "माझं मीच केलं" असे सांगितले. मी शेजारीच उभा होतो. ते वाक्य मला मानेच्या पट्ट्यापेक्षा जड गेले, आणि त्या पायी मी ग्रंथालयात जाऊन योगाची पुस्तके वाचू लागलो. या लेखात जे आहे ते त्या वाचनातून, थोडे नागपूरला जाऊन पाहिल्यातून आणि थोडे पुण्याच्या मावसबहिणीकडून आले आहे. मी योगशिक्षक नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत. आसन हे त्यांतले तिसरे. आपण ज्याला सर्रास 'योगा' म्हणतो तो या तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे प्राणायामाच्या, अंगाचाच बहुतेक विस्तार आहे. निरनिराळ्या नावांनी आज ज्या पद्धती चालतात त्यांचे मूळ जुन्या हठयोगात असले तरी त्यांना आजचे रूप आले ते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या महाराष्ट्रातच वाढल्या. मला हे ठाऊक नव्हते.

नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे योगी होते. त्यांचे दोन शिष्य मुंबई-लोणावळ्याकडे आले. एक मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या घरात योगसंस्था काढली. ती पुढे सांताक्रूझला गेली आणि आजही चालू आहे. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. हे आधी अंमळनेरला शिक्षक होते. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. गुरू एक, पण दोघांच्या वाटा पाहा. योगेंद्र स्वतः संसारी झाले आणि त्यांनी संसारी माणसापुढे योग ठेवला. नोकरी, मुलेबाळे, जागरणे, काळज्या यांतून ज्याला दिवसाचा थोडाच वेळ काढता येतो त्याच्यासाठी सोपी केलेली आसने, श्वासाची शिस्त आणि रोजच्या वागण्यातला संयम. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

कुवलयानंदांना प्रयोगशाळेची ओढ. नौली करताना आतड्यात किती निर्वात तयार होतो ते त्यांनी नळी घालून मोजले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिकही १९२४ चेच. १९२७ साली गांधीजींची प्रकृती बिघडली तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. कैवल्यधामाच्या पद्धतीत घाम गाळायचा नसतो. आसन सावकाश घ्यायचे, ताण न देता स्थिर राहायचे, सावकाश सोडायचे. चाळिशी ओलांडलेल्या, जुनाट दुखणे असलेल्या किंवा बैठे काम करणाऱ्या माणसाला ही रीत मानवते. आपल्या तरुण मित्रांना मात्र ती पहिल्या आठवड्यात कंटाळवाणी वाटेल.

येथे एक गंमत सांगतो. रांगेत, एका आज्ञेवर सगळ्यांनी मिळून आसने करण्याचा जो प्रकार आपण योगदिनी करतो, तसा 'यौगिक संघ व्यायाम' कुवलयानंदांनीच शाळांसाठी बसवला होता. पण तो निरोगी मुलांसाठी. दुखणेकऱ्यासाठी त्यांच्याकडे वेगळी व्यवस्था, वेगळी तपासणी होती. रांगेतला योग मी ओसरीवरच्या रुग्णाला लावला, हा माझा पहिला घोटाळा.

दुसरा घोटाळा समजला तो बी. के. एस. अय्यंगार यांच्याविषयी वाचताना. जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी पोखरलेले शरीर. म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे शिकले आणि १९३७ साली पुण्याला शिकवायला म्हणून आले ते २०१४ साली देह ठेवीपर्यंत पुण्याचेच राहिले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६६ साली निघाले. मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून आले आहे. १९७५ साली त्यांनी पत्नी रमामणी यांच्या नावाने पुण्यात संस्था उघडली. मावसबहीण अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जाते. ती सांगते की त्या वर्गात पाहिले तर सुताराचे दुकान आणि गादीघर एकत्र केल्यासारखे वाटते. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड, घोंगड्या. हात जमिनीला पोहोचत नाही ना, मग हाताखाली ठोकळा ठेवा, म्हणजे जमीनच वर येते. सर्वांगासन आणि हलासन करताना खांद्यांखाली घड्या घातलेल्या घोंगड्या देतात, त्यामुळे भार खांद्यांवर पडतो आणि मान मोकळी राहते. हे ऐकले आणि मला ओसरीवरची ती पातळ सतरंजी आठवली.

म्हणजे हलासन वाईट नव्हते. पंचावन्न हे वयही आड आले नव्हते. अय्यंगारांनी बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांना ऐंशी ओलांडल्यावर शीर्षासन शिकवले होते, मग आमचे बाबा तर तरुणच! पण तिथे शेजारी अय्यंगार उभे होते आणि इथे मी. ज्याच्या अंगात ताठरपणा आहे, ज्याचे एखादे हाड वा सांधा दुखावलेला आहे, त्याला ही पद्धत फार उपयोगी, मात्र जाणत्या शिक्षकासमोर. पुस्तकातली छायाचित्रे पाहून ती करणे म्हणजे नकाशा पाहून विहीर खणणे.

याच कृष्णम्माचार्यांचे दुसरे शिष्य म्हैसूरचे पट्टाभी जोइस. त्यांची अष्टांग विन्यास पद्धत अगदी उलट टोकाची. श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात उडी, घामाच्या धारा, थांबणे थोडे. कबड्डी खेळणाऱ्या, दंड-बैठका मारणाऱ्या गड्यांना ही आवडेल. शिक्षक आपल्या भागात मिळणे कठीण, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. शिवाय तशा प्रकृतीच्या मुलांसाठी आपल्याकडे सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून सुरू केले आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. त्यांच्या नमस्कारात दहा अवस्था होत्या, आज बहुधा बारा मोजतात. जागा थोडी, खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मित्रांना मी हेच सुचवीन. मात्र मणक्याची गादी सरकलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. जनार्दनस्वामी मूळचे कोकणातले, पण त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध विदर्भात योग शिकवण्यात घालवला. शिकवणे विनामूल्य. मी पाहिला त्या सकाळच्या वर्गात निवृत्त कारकून होते, गृहिणी होत्या, गुडघे धरून बसलेल्या आजीबाई होत्या, आणि कोणी कोणाकडे पाहून खजील होत नव्हते. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने करायचे. आपल्या तालुक्यातल्या माणसाला जवळची, खिशाला परवडणारी आणि कमीत कमी धोक्याची वाट मला हीच वाटली.

दूरचित्रवाणीवरून गेल्या वीसेक वर्षांत घरोघर पोहोचलेल्या कपालभातीविषयीही लिहायला हवे, कारण आमच्या गल्लीत पहाटे भात्यासारखे आवाज येतात. हठप्रदीपिकेत कपालभातीची गणना प्राणायामात नसून षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत आहे. उपाशीपोटी, बेताने केली तर निरोगी माणसाला ती चालते. रक्तदाब वाढलेला, हर्निया असलेला माणूस आणि गरोदर स्त्री यांनी ती करू नये. शीर्षासनाबाबतही काचबिंदूच्या रुग्णाने असेच दूर राहावे, कारण उलटे झाल्याने डोळ्यातला दाब वाढतो.

आता ज्या एका गोष्टीविषयी मला या साऱ्या पुस्तकांत फार थोडे सापडले ती सांगतो. ही पुस्तके बहुधा खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. त्याचे अंग आखडलेले, म्हणून त्याला वाकायला सांगतात. पण माझी आई निंदणाला जाते तेव्हा दिवसभर वाकलेलीच असते. कापूस वेचताना ओटी पुढे बांधलेली, तिचे वजन वाढत जाते आणि कंबर आणखी वाकते. तिला पश्चिमोत्तानासन शिकवणे म्हणजे भरल्या ओटीत आणखी कापूस कोंबणे. बाबांचेही तेच. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पुढे झुकलेल्या पाठीला मी आणखी पुढे दुमडले. त्यांना हवे होते ते विरुद्ध दिशेचे. पालथे निजून हलकेच छाती उचलण्याचे भुजंगासन, एकेक पाय उचलण्याचे अर्धशलभासन, मकरासनात विसावा. शारीरिक शिक्षणाच्या सरांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधी माणूस दिवसभर काय करतो ते विचार, मग आसन सांग." हे त्यांनी जूनमध्ये सांगितले असते तर! अर्थात जूनमध्ये मी त्यांना विचारलेच कुठे होते?

आणि ज्यांना यांतले काहीच झेपत नाही, त्यांच्यासाठी आपल्या भागात एक जुनी सोय आहे. वर्धा नदीपलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज, आणि तिथून गावोगाव गेलेले सामुदायिक ध्यान व प्रार्थना. आमची आजी मांडी घालू शकत नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती पहाटे डोळे मिटून बसते. तिला कोणी योगी म्हणणार नाही, पण पतंजलींच्या आठांतल्या सातव्या अंगाचे नाव ध्यान आहे, आणि घरात सर्वांत शांत झोप तिलाच लागते.

बाबांची मान दिवाळीपर्यंत बरी झाली. डॉक्टरांना विचारून आणि नागपूरच्या वर्गातल्या शिक्षकांकडून दाखवून घेऊन त्यांनी मकरासन व भुजंगासन सुरू केले. शेवटी पोटऱ्या बाजेवर ठेवून ते दहा मिनिटे शवासनात पडतात. पाठ पूर्ण गेली नाही, पण रात्री कूस बदलताना कण्हत नाहीत. आई अजून तयार होत नाही. "दिवसभर वावरात उभी राहून येतो, आता तुह्या सतरंजीवर कोण निजन?" असे म्हणते. परवा मात्र बाबांचे आटोपल्यावर सतरंजी गुंडाळायला गेली आणि तिच्यावरच पालथी पडून राहिली. मी काही बोललो नाही, नुसता चुलीवरचा चहा उतरवून ठेवला.